एकच व्यक्ती असल्याबद्दल

नोटीस बोर्डावर पिवळा कागद:
बी.ए., आंतरराष्ट्रीय अभ्यास, शेवटचं वर्ष.
श्रेयांक पुरे नसल्यास पदवी मिळणार नाही.
माझे चार कमी.
हुक्केरी मॅडम चष्म्यावरून बघून म्हणाल्या,
कन्नडचा पेपर राहिलाय की गं तुझा.

खडेबाजारात मी कानडीत भांडते,
खरं कागदावर ती सुटते हातातून,
आंघोळीच्या साबणासारखी.
फ्रेंचमध्ये मात्र बहात्तर.
फ्रेंच बोलणारं माणूस अजून बघितलेलं नाही.
त्या भाषेत ळ नाही,
म्हणून तीन वर्षं वर्गात मी
कांग्रालकार.

पुढची अट: चाळीस तास
एका सीमेचं प्रत्यक्ष निरीक्षण.
मैत्रिणींनी इंटरनेटवरून
दोन कोरिया उचलले, एकीनं मेक्सिको.
मी वेंगुर्ला रोडची बस धरली
आणि शिनोळीला उतरले.
पहिल्या दिवशी लिहिलं:
पाटीची लिपी बदलते. डिझेलचा भाव बदलतो.
दुसऱ्या दिवशी: कुत्र्यांना यातलं काही ठाऊक नाही.
(खोडलं. हे सगळेच लिहितात.)
तिसऱ्या दिवशी सुभद्राक्का,
रताळ्यांच्या पोत्यावर बसून
टेम्पोची वाट बघत.
मी प्रश्नावली काढली.
आपण आठवड्यातून किती वेळा सीमा ओलांडता?

ओलांडतो कशाला?
मी मार्केटला जातो, रताळी घालतो, येतो.

‘लागू नाही’वर खूण केली.
तेवढ्यात तीच म्हणाली,
आमचा दीर त्याच्यापायी सहा महिने आत होता.
त्याला विचार जा.
खरं मोठ्यानं विचार, ऐकू कमी येतंय आता.
मी खूण पुसली. कागद तिथं जरा फाटला.
सर म्हणाले, फाटका कागद चालणार नाही,
पुन्हा लिहून आण.

कन्नडच्या पुस्तकात, धडा नववा,
सीमेला शब्द आहे: गडि.
शेवटची वेलांटी ऱ्हस्व, एवढाच फरक.
आमच्यात गडी म्हणजे
खो-खोत पाठ करून बसलेला, आपल्या बाजूचा,
ज्याला थाप मारली की तो उठतो आणि पळतो,
आणि त्याच्या जागी आपण बसायचं.
पेपरात मी तो शब्द बरोबर लिहिला.
पस्तीस पडले. पस्तीसच लागत होते.

वाटलं, झालं आता.
मॅडमनी तीन गुणपत्रिका टेबलावर शेजारी शेजारी मांडल्या.
दहावीला रेणुका परशराम कंग्राळकर.
बारावीला रेणुका पी. कंग्राळीकर.
आणि इथली कंग्राळकर रेणुका,
इंग्रजीत एक ए जास्त असलेली.
ह्या तिघी कोण?

कोर्टासमोर बागेवाडी वकील, शंभराचा बाँड.
टायपिस्टनं मान वर न करता बडवलं:
वरील तिन्ही नावे एकाच व्यक्तीची असून
ती व्यक्ती मीच आहे.
तीन वर्षं मी तह शिकले,
कलमं, उपकलमं, कुणी कुठं बसून सही केली.
इतका लहान तह बघितला नव्हता.
साक्षीदार म्हणून पप्पा आलेले,
उद्यमबागेतून अर्धी रजा टाकून,
नखांत फौंड्रीची काळी वाळू.
जिन्यात हळूच म्हणाले,
ह्याच्यात नोकरी कुठली लागते गं?
बघू की, म्हटलं.
बरं, म्हणाले, आणि बाँडची घडी न मोडता
वहीत घातला.

परत ऑफिसात.
इल्लि सही माडु, मॅडमनी बोट ठेवलं.
सही तिकडंही सहीच.
पेन टेकवला आणि अडकले.
मॅडम, कुठल्या लिपीत?
कुठल्याही कर,
खरं प्रवेशाच्या फॉर्मवर केलीस तशीच पाहिजे.

फॉर्म कपाटात.
कपाटाची किल्ली शिपायाकडे.
शिपाई जेवायला गेलेला.
मी बाकावर बसून
जुन्या वहीच्या मागच्या पानावर
तिघींच्या सह्या करून बघते आहे.